अडचणीतल्या शहरांना फेडरल रिझर्व्हने कर्ज द्यावं का?

शुभदा_जर्सी

मंडळी, हा विषय २०२० पासून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून शेवटी धागाच काढला.

मी न्यू जर्सीतल्या एका लहान गावात राहते, वस्ती चाळीसेक हजार. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात अर्धवेळ काम करायचे. दर शनिवारी सकाळी मुलांच्या खोलीत मराठी गोष्टींचा तास घ्यायचे. चटईवर पंधरा-वीस पोरं, मागे भिंतीला टेकून आजी-आजोबा. मे २०२० मध्ये आम्हा सगळ्या अर्धवेळ कर्मचाऱ्यांना पत्र आलं: बिनपगारी रजा, पुढचं कळवू. माझा चष्मा आणि बाहुल्यांची पिशवी तिथेच राहिली होती, ती आणायला गेले. लहान खुर्च्या टेबलांवर पालथ्या घातलेल्या होत्या. दाराबाहेरची पुस्तकं परत टाकायची पेटी तोंडापर्यंत भरली होती आणि वरची दोन-तीन पुस्तकं पावसात फुगून गेली होती. उचलायला माणूसच नव्हता.

नंतर वाचलं की त्याच्या महिनाभर आधी, ९ एप्रिलला, फेडने (फेडरल रिझर्व्ह, अमेरिकेची मध्यवर्ती बँक) राज्यं आणि शहरांसाठी ५०० अब्ज डॉलरची कर्जयोजना जाहीर केली होती. म्युनिसिपल लिक्विडिटी फॅसिलिटी. वर्ष संपलं तेव्हा त्यातले सगळे मिळून साधारण ६.६ अब्ज वापरले गेले होते. घेणारे फक्त दोघं: इलिनॉय राज्य आणि न्यूयॉर्कची एमटीए, म्हणजे सबवे-बस चालवणारी संस्था. ५०० अब्जांची तिजोरी उघडी आणि गावोगाव माणसं घरी बसवलेली, हे गणित मला समजत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पुढच्या संकटात ही खिडकी जास्त रुंद हवी, म्हणजे लहान गावांना, कमी व्याजाने आणि लांब मुदतीने कर्ज मिळायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

कोष्टक

शुभदाताई, मी याच बाजारात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अमेरिकेत राज्यं, शहरं, शाळा, पाणीपुरवठा असे सुमारे ५०,००० जण रोखे काढतात, म्हणजे गुंतवणूकदारांकडून कर्ज घेतात. हा बाजार साधारण ४ हजार अब्ज डॉलरचा. मार्च २०२० च्या मधल्या आठवड्यात तो थिजला. दर आठवड्याला व्याज ठरणारे जे रोखे असतात, त्यांचा दर ११ मार्चला १.२८ टक्के होता आणि १८ मार्चला ५.२० टक्के. एका आठवड्यात! शहरं तीच होती, त्यांची पतही तीच होती. लोक म्युच्युअल फंडांतून पैसे काढत होते, फंड मिळेल त्या भावाने रोखे विकत होते आणि समोर घेणारा कोणी नव्हता. मी घरच्या जेवणाच्या टेबलावर दोन स्क्रीन लावून बसलो होतो. एरवी भरलेला असतो तो मागणीचा रकाना त्या आठवड्यात कोरा होता. तसा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

फेड मध्ये पडल्यावर बाजार सावरला. आधी २० आणि २३ मार्चला छोट्या मुदतीच्या रोख्यांना आधार दिला, मग एप्रिलमध्ये ही योजना आली. ती आल्यावर बहुतेक शहरांना नेहमीच्या बाजारातच परवडणाऱ्या दराने पैसे मिळायला लागले. त्यामुळे ६.६ अब्ज हा आकडा मला अपयश वाटत नाही. फेड पाठीशी उभी आहे एवढं कळल्यानेच काम झालं.

वाटसरू

कोष्टक यांना +१. टँकर निघाला एवढं कळलं तरी नळावरची अर्धी भांडणं थांबतात.

शुभदा_जर्सी

वाटसरू, टँकर निघाला हे खरं. पण तो आमच्या आळीत आलाच नाही. :)

कोष्टक, रोखे घेणाऱ्यांची भीती गेली हे मान्य. पण एकट्या एप्रिल २०२० मध्ये स्थानिक सरकारांतल्या सुमारे ८ लाख नोकऱ्या गेल्या. त्यात शाळांचे बसचालक, मदतनीस, ग्रंथालयवाले. बाजार शांत झाला म्हणून यातलं कोणी कामावर परत आलं का?

मंजिरी_डेट्रॉइट

कोणाला पात्र धरलं तेही बघा. पहिल्या नियमात शहराची वस्ती १० लाखांवर आणि काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) २० लाखांवर हवी होती. सगळ्या देशात तेव्हा १० लाखांवरची शहरं दहाच. डेट्रॉइटची वस्ती तेव्हा पावणेसात लाखांच्या आसपास, म्हणजे बाहेर. आमची वेन काउंटी १७ लाखांवर, तीही बाहेर. अटलांटा, बाल्टिमोर, बोस्टन, सगळे बाहेर. कृष्णवर्णीयांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेली पस्तीस शहरं काढली, तर त्यातलं एकही पहिल्या यादीत बसत नव्हतं. नियम करणाऱ्यांचा तसा हेतू नसेलही, पण रेघ ओढली ती नेमकी अशी पडली.

आरडाओरड झाली तेव्हा २७ एप्रिलला शहरांसाठी अडीच लाख आणि काउंटीसाठी पाच लाख अशी मर्यादा आणली. परतफेडीची मुदत दोन वर्षांवरून तीन झाली. ३ जूनला गव्हर्नरांना आणखी काही शहरं, काउंटी आणि बससेवा किंवा विमानतळासारख्या संस्था सुचवायची मुभा मिळाली.

आमच्याकडे त्या वेळी काय चाललं होतं सांगते. डेट्रॉइटच्या तिजोरीत तीन कॅसिनोंचा कर मोठा असतो. १६ मार्चला तिन्ही बंद झाले. दुसरा मोठा आधार आयकराचा, तोही लोक घरी बसल्यावर आटला. हे शहर २०१३ मध्ये १८ अब्ज डॉलरच्या देण्यांखाली दिवाळखोरीत जाऊन आलेलं. इथल्या लोकांना माहीत आहे की आधी रस्त्यावरचे दिवे बंद होतात, मग रुग्णवाहिका उशिरा येते. म्हणून नियमातली एक ओळसुद्धा आम्ही जीव मुठीत धरून वाचत होतो.

अव्यक्त

मी टेक्सासात असतो. मला विरोधी बाजू मांडायची आहे, राग मानू नका.

जे गाव दरवर्षी थोडं बाजूला टाकतं, त्याच्या करदात्याने उधळ्या राज्याचं कर्ज का अंगावर घ्यायचं? इलिनॉयच्या पेन्शनची देणी कोविडच्या आधीपासूनची आहेत. केंद्र स्वस्तात कर्ज देतं हे एकदा कळलं की पुढच्या वेळी राखीव निधी कोण ठेवणार?

आणि शुभदाताई, तुमच्याच राज्याचं उदाहरण घ्या. न्यू जर्सीने २०२० मध्ये ९.९ अब्जांपर्यंत कर्ज काढायची परवानगी राज्याच्या सुप्रीम कोर्टातून मिळवली आणि नोव्हेंबरमध्ये बाजारातून साधारण ३.७ अब्ज उचलले. नंतर कर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गोळा झाला. कर्जाची गरज राहिली नव्हती, पण ते रोखे मुदतीआधी फेडताही येत नव्हते. घाबरून काढलेलं कर्ज असं गळ्यात पडतं.

तात्या_शिकागो

अव्यक्त, इलिनॉयवर बोट ठेवलंत म्हणून लिहितो. पेन्शनचा मुद्दा खरा आहे, त्यावर पांघरूण घालणार नाही. २०२० मध्ये आमच्या राज्याची पत जंक रोख्यांच्या, म्हणजे बुडण्याचा धोका जास्त मानल्या जाणाऱ्या रोख्यांच्या, एकच पायरी वर होती. पण या योजनेतून काय झालं ते बघा. जूनमध्ये १.२ अब्ज घेतले, वर्षभराच्या मुदतीने, ३.८२ टक्क्यांनी. डिसेंबरमध्ये आणखी २ अब्ज, तीन वर्षांसाठी. पैसा प्रामुख्याने आरोग्यसेवेची थकलेली बिलं देण्यात गेला, म्हणजे साथीच्या काळात रुग्णालयांपर्यंत पोचला. आणि ते २ अब्ज राज्याने जानेवारी २०२२ मध्येच फेडून टाकले, मुदत सरायच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. बुडवायची भीती ज्याची घातली जात होती, त्याने आधी फेडलं.

कोष्टक

तात्यांनी व्याजाचा दर काढला, आता तो भाग सांगतो. इथे मी शुभदाताईंच्या बाजूने आहे.

फेडच्या नियमाप्रमाणे अशा आणीबाणीच्या कर्जाला दंडात्मक दर लावावा लागतो. म्हणजे बाजार सुरळीत असताना जे व्याज पडेल त्याहून जास्त. मे महिन्यात दरपत्रक आलं. सर्वोत्तम पतीच्या शहराला मूळ दरावर दीड टक्का, इलिनॉयसारख्यांना ३.८ टक्के, त्याखालच्यांना ५.९. ऑगस्टमध्ये सगळ्यांना अर्धा टक्का सूट दिली. शिवाय बाहेर रास्त दराने कर्ज मिळत नाही असं लेखी द्यायचं. कुठला कोषाधिकारी असं आनंदाने लिहून देईल? उद्या तेच पत्र पतमापन संस्थेच्या टेबलावर जाणार.

त्याच काळात फेड कंपन्यांचे रोखे बाजारभावाने विकत घेत होती. त्यात ॲपल होती, व्हेरायझन होती. त्यांना अर्ज करावा लागला नाही की दंड पडला नाही. हा फरक मला तेव्हाही खटकला होता. यावर नेमलेल्या संसदीय देखरेख आयोगातले भारत राममूर्ती तेव्हा जाहीरपणे हेच विचारत होते की शहरांसाठी अटी एवढ्या कडक का. आयोगातलेच सिनेटर पॅट टूमी यांचं म्हणणं उलट होतं: बाजार चालू झाला, योजनेचं काम झालं, आता बंद करा. शेवटी अर्थमंत्री म्नूचिन यांनी नोव्हेंबरमध्ये मुदतवाढ नाकारली आणि ३१ डिसेंबर २०२० ला खिडकी बंद झाली.

सई_सनीवेल

अवांतर: नवऱ्याने माझ्या स्क्रीनवर 'म्युनिसिपल लिक्विडिटी' वाचलं आणि विचारलं, "पाणीपट्टीचा धागा आहे का?" :)

मंजिरी_डेट्रॉइट

सई, नवरोबांना सांग, अगदीच चुकलेलं नाही. मार्च २०२० मध्ये डेट्रॉइटने बिल थकलेल्या घरांचं तोडलेलं पाणी २५ डॉलरमध्ये परत जोडून द्यायला सुरुवात केली. हात धुवा म्हणून सांगायचं आणि नळ कोरडा, हे कसं चालणार? पण जोडून दिलेल्या पाण्याचा खर्च कोणीतरी भरतोच. शहराचं उत्पन्न आटलेलं आणि जबाबदारी वाढलेली, असं दोन्ही एकाच आठवड्यात झालं.

नानाकाका_क्वीन्स

मी १९७४ ला न्यूयॉर्कला आलो. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मले नसतील, म्हणून जुनी गोष्ट सांगतो.

१९७५ मध्ये हे शहर दिवाळखोरीच्या दारात उभं होतं. बँकांनी हात वर केले. २९ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी भाषणात सांगितलं की शहराला वाचवणारं विधेयक आलं तर मी नकाराधिकार वापरेन. दुसऱ्या दिवशी डेली न्यूजचा मथळा: 'फोर्ड टू सिटी: ड्रॉप डेड'. हे शब्द फोर्ड यांच्या तोंडचे नव्हते, पण शहराने ते तसेच ऐकले. सबवेच्या फलाटावर माझ्या शेजारचा माणूस तो अंक हातात धरून नुसता उभा होता. गाडी आली, दारं उघडली, मिटली, तो चढलाच नाही. मीही नाही चढलो.

त्याआधी सप्टेंबरात सबवेचं तिकीट ३५ सेंटवरून ५० झालं होतं. तेव्हाच्या माझ्या पगारात ते जाणवायचं. पुढच्या वर्षी सिटी युनिव्हर्सिटीचं मोफत शिक्षण बंद झालं. अग्निशमन केंद्रं बंद झाली. १७ ऑक्टोबरला तर काही तासांत शहर बुडणार होतं, ते शिक्षक संघटनेने आपल्या पेन्शन फंडातून रोखे घेतले म्हणून वाचलं. शिक्षकांची म्हातारपणाची पुंजी ती!

आता मुद्द्याचं. तेच फोर्ड डिसेंबरात नरमले. वर्षाला २.३ अब्जांपर्यंत हंगामी कर्ज मिळालं, म्हणजे कर जमा व्हायच्या आधी खर्चाला द्यायचं आणि आर्थिक वर्षाच्या आत परत घ्यायचं. व्याज किती? सरकारला स्वतःला पडतं त्यावर फक्त एक टक्का. शहराने प्रत्येक डॉलर परत केला, व्याजासकट. १९७८ मध्ये वर १.६५ अब्जांची हमी मिळाली, तीही बुडाली नाही. अव्यक्त, कर्जाबरोबर शिस्तही आली होती. शहराच्या खर्चावर नियंत्रण मंडळ बसवलं होतं. स्वस्त कर्ज आणि कडक हिशेब हे दोन्ही एका वेळी होऊ शकतं, मी डोळ्यांनी पाहिलंय.

अव्यक्त

नानाकाका, हे मला माहीत नव्हतं. हिशेबाची अट असेल तर माझा निम्मा विरोध मावळतो. पण मग २०२० च्या कर्जाला अशी देखरेख का नव्हती?

कोष्टक

अव्यक्त, कारण ५०,००० जणांचा खर्च तपासणं हे मध्यवर्ती बँकेचं काम नाही, आणि फेडला त्या राजकारणात पडायचंही नव्हतं. म्हणून व्याज चढं ठेवून गर्दी टाळली. गंमत अशी की करापोटी काढलेले सहा महिन्यांच्या आतले रोखे फेड विकत घेऊ शकते ही तरतूद १९१३ च्या मूळ कायद्यापासून आहे. म्हणजे नानाकाकांच्या हंगामी कर्जासारखा मार्ग कायद्यात शंभर वर्षांहून जास्त काळ पडून आहे.

लेखाशाखा_पुणे

नमस्कार. मी अमेरिकेत राहत नाही, पण महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेच्या लेखा विभागात तीस वर्षं काढली, म्हणून राहवलं नाही.

आमच्याकडे जकात होती तेव्हा रोज रात्री नाक्यांवरून भरणा यायचा. आज किती गाड्या आल्या यावरून मी पगाराचा अंदाज बांधायचो. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि मग सगळी नजर शासनाच्या अनुदानाकडे लागली. महिन्याची पंचवीस तारीख उलटली की मी दिवसातून चार वेळा बँकेत फोन करायचो, "आलं का?" सफाई कामगारांचा पगार एक तारखेला झाला नाही तर दोन तारखेला शहर कसं दिसतं ते पाहिलंय.

कोविडमध्ये रिझर्व्ह बँकेने राज्यांची उचल मर्यादा आधी ३० आणि मग ६० टक्क्यांनी वाढवली. ती राज्यांना. महापालिकेला रिझर्व्ह बँकेत अशी खिडकीच नाही. रोखे काढायचे तर पुण्यासारख्या मोठ्या महापालिकेला जमतं. २०१७ मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटी उभे केले होते, ७.५९ टक्क्यांनी. नगरपरिषदेने काय करावं?

शुभदाताई, म्हणून विचारतो: ५०० अब्जांतून तुमच्या गावाला थेट नाही, पण राज्यामार्फत मिळू शकत होतं ना?

शुभदा_जर्सी

काका, होय. राज्याने उचलून खाली गावांना द्यायची सोय नियमात होती. वापरली नाही कोणी. वरच्याने उचललं तरच खालच्याला मिळणार, हीच तर अडचण.

तात्या_शिकागो

मला वाटतं इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. २०२० मध्ये आयकराची तारीख १५ एप्रिलवरून १५ जुलै झाली. बहुतेक राज्यांचं वर्ष ३० जूनला संपतं. म्हणजे येणारा पैसा येणारच होता, पण हिशेबाचं वर्ष उलटल्यावर. या खड्ड्याला कर्ज हेच औषध. पण रिकामी हॉटेलं, बंद कॅसिनो, सबवेची न विकलेली तिकिटं हा पैसा पुन्हा कधीच येणार नव्हता. एमटीएचे प्रवासी एप्रिलमध्ये ९० टक्क्यांहून जास्त घटले. त्यांनी फेडकडून ऑगस्टमध्ये ४५ कोटी डॉलर आणि डिसेंबरमध्ये २.९ अब्ज घेतले, तरी नोव्हेंबरात ते सबवेच्या फेऱ्या ४० टक्के कापायच्या गोष्टी करत होते. ती कपात टळली केंद्राच्या अनुदानामुळे. वाहून गेलेल्या पैशाच्या जागी कर्ज दिलं तर फक्त पुढच्या वर्षीचा खड्डा खणला जातो.

मंजिरी_डेट्रॉइट

तात्या, पटलं. मार्च २०२१ च्या कायद्यात राज्यं आणि गावांना मिळून ३५० अब्जांचं थेट अनुदान आलं. मार्च २०२० च्या पहिल्या मदतीत केंद्राकडून थेट पैसा फक्त पाच लाखांवरच्या वस्तीला होता. या वेळी पन्नास हजारांखालच्या गावांचाही वाटा ठरवून दिला. पण संकट सुरू झालं मार्च २०२० ला आणि हे आलं वर्षाने. मधल्या वर्षात ज्यांना काढलं, त्यातले पुष्कळ जण दुसरीकडे लागले.

वाटसरू

म्हणजे पहिल्या वर्षी कर्ज, आणि नुकसान कायमचं आहे असं दिसलं की त्याचंच अनुदान करायचं. हे आधीच लिहून ठेवता येणार नाही का? बेरोजगारी अमुक टक्क्यांवर गेली की आपोआप लागू. दर वेळी वॉशिंग्टनमध्ये भांडत बसायला नको.

अव्यक्त

वाटसरूंची सूचना हिशेबाच्या अटीसकट असेल तर माझाही पाठिंबा. हे मी या धाग्यावर लिहीन असं सकाळी वाटलं नव्हतं.

शुभदा_जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढताना मला फक्त खिडकी मोठी हवी होती. तात्या आणि नानाकाकांचं वाचून आता असं वाटतं: गावांसाठी हंगामी कर्ज १९७५ सारखं हवं, एक टक्का वर आणि वर्षाच्या आत परत. ते फेडकडून राज्यामार्फत, पण राज्याने मागायची वाट न बघता. जो कर बुडालाच त्यासाठी अनुदान, आणि ते लवकर. दंडाचा दर मात्र मला मुळीच पटत नाही. साथ आली यात गावाचा काय गुन्हा?

काहींनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारलं म्हणून सांगते. मला सप्टेंबर २०२१ मध्ये परत बोलावलं. मुलांच्या विभागात आम्ही चौघी होतो, आता दोघी आहोत. रिकाम्या झालेल्या दोन जागा भरल्या नाहीत. त्यामुळे गोष्टींचा तास दर शनिवारी होत नाही, महिन्यातून एकदा होतो. २०२० मध्ये चटईवर बसणारी पोरं आता उंच झाली, त्यांची धाकटी भावंडं येतात. फुगलेल्या पुस्तकांपैकी एक मी टाकू दिलं नाही, कपाटात ठेवलंय.

लेखाशाखा_पुणे

ताई, ते पुस्तक जपून ठेवा. आणि जकात नाक्याबद्दल मी वेगळा धागा काढतो, इथे गर्दी नको.

नानाकाका_क्वीन्स

शुभदा, महिन्यातला कितवा शनिवार? नात सहा वर्षांची आहे, मराठी कळतं पण बोलत नाही. ट्रेन बदलून यावं लागेल, त्याची काळजी नाही.

शुभदा_जर्सी

काका, दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. पत्ता व्यनि केलाय. तिला बाहुली कुठली आवडते ते कळवा, ससा आणि म्हातारी दोन्ही आहेत.